लाकीचा १७८३ चा उद्रेक: वाचकांच्या शंका

जून आला की आइसलँडच्या लाकी ज्वालामुखीबद्दल पत्रे येऊ लागतात, आणि शंका दरवर्षी त्याच असतात. ८ जून १७८३ ला त्या बेटाच्या दक्षिण भागात जमीन फाटली आणि पुढचे आठ महिने, फेब्रुवारी १७८४ पर्यंत, धगधगत राहिली. त्याबद्दल मोबाइलवर जे फिरते त्यात ऐकीव फार असते, म्हणून नेहमीचे प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रकल्पासाठी लाकीच्या शंकूची प्रतिकृती करायची आहे. विवर किती मोठे दाखवू? (विद्यार्थिनी, सांगली)

शंकू करू नकोस. लाव्हा एका डोंगराच्या माथ्यातून आला नाही. लाकी डोंगराच्या दोन्ही बाजूंना पसरलेली सुमारे २७ किलोमीटर लांबीची भेग उघडली आणि तिच्यावर शंभराहून अधिक लहान विवरांची रांग उभी राहिली. आपल्या दख्खनच्या पठाराचा काळा पाषाणही भेगांतूनच आला, पण तो कितीतरी पट अधिक आणि सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. प्रतिकृतीचे प्रमाण भूगोलाच्या बाईंना दाखवून घे.

लाकी अजून जिवंत आहे का?

त्या भेगेतून १७८४ नंतर काही आलेले नाही. ती ज्या ग्रिम्सव्होत्न ज्वालामुखीच्या पट्ट्यात येते तो मात्र जागा आहे. २०११ मध्ये त्याचा उद्रेक झाला.

लाव्हाखाली हजारो लोक गाडले गेले असे वाचले. खरे आहे का? (वाचक, वणी)

नाही. हे वाक्य दरवर्षी खोडावे लागते. लाव्हाने सुमारे ६०० चौरस किलोमीटर जमीन झाकली, शेतेवाड्या गिळल्या, पण त्याच्या वाटेतून लोक निघून गेले. घात झाला तो वायूंनी. भेगेतून सुमारे १२ कोटी टन सल्फर डायऑक्साइड बाहेर पडला आणि त्याच्यासोबत फ्लोरिन. फ्लोरिन राखेच्या बारीक कणांना चिकटून कुरणांवर उतरला. मेंढ्यांनी तेच गवत खाल्ले. क्लाउस्तुर इथले पाद्री योन स्टाइनग्रिमसन यांनी जनावरांची दशा लिहून ठेवली आहे: सांध्यांवर आणि बरगड्यांवर गाठी, सुजलेली हाडे, गळून पडणारे खूर. दाढा बिघडलेल्या मेंढीला गवत समोर असूनही चावता येत नाही. देशातल्या सुमारे ८० टक्के मेंढ्या आणि निम्म्याच्या आसपास गुरे-घोडी गेली. जनावर गेले की दूध गेले, मांस गेले, लोकर गेली. मग दुष्काळ आणि रोगराई. जेमतेम ५० हजार वस्तीच्या त्या देशात पाचातला एक माणूस दगावला.

त्यातही उशीर झाला. आइसलँड तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होते आणि व्यापाराची मक्तेदारीही डॅनिशांकडे होती. बातमी कोपनहेगनला पोहोचेपर्यंत उन्हाळा सरला. मदतीचे जहाज निघाले, ते वाटेत नॉर्वेत अडकले आणि १७८४ च्या वसंतात पोहोचले. मधला हिवाळा लोकांनी कसा काढला असेल!

तुम्ही वणीहून लिहिले आहे, म्हणून विषय सोडून थोडे बोलतो. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड भागातल्या अनेक बोअरच्या पाण्यात फ्लोराइड, म्हणजे फ्लोरिनचेच पाण्यात विरघळलेले रूप, जास्त आहे. ते राखेतून आलेले नाही, खडकातून झिरपते. पण शरीरात तेच करते. आधी मुलांच्या दातांवर पांढरे-तपकिरी डाग, वर्षानुवर्षे तेच पाणी पोटात गेले की हाडे आणि सांधे आखडतात. डाग दिसले की घरचे म्हणतात, पोरगा दात घासत नाही. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. साध्या कँडल फिल्टरनेही जात नाही. ‘सर्व रोगांवर अल्कलाइन पाणी’ म्हणत दारोदार यंत्रे विकणाऱ्यांना तर पाण्याच्या तपासणीचा कागद पाहायचाही नसतो. यंत्र नंतर घ्या, आधी नमुना भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत द्या. अहवाल हातात आला की मुलाला दंतवैद्याकडे न्या, मोठ्यांचे सांधे दुखत असतील तर हाडांच्या डॉक्टरांकडे. ‘पुढच्या उन्हाळ्यात बघू’ म्हणू नका. हाडात बसलेले फ्लोराइड सहजी निघत नाही.

पाद्रींच्या प्रार्थनेने लाव्हा थांबला, हे कितपत खरे?

२० जुलै १७८३ च्या रविवारी योन यांनी चर्चमध्ये प्रार्थना घेतली आणि लाव्हा गावाकडे आणखी सरकला नाही, एवढे खरे. त्या ठिकाणी नद्यांचे पाणी लाव्हावर येत होते, आणि महिनाअखेर उद्रेकाचा जोर डोंगराच्या दुसऱ्या बाजूला वळला. श्रद्धेबद्दल मी बोलणार नाही. त्या माणसाने आपले लोक सोडले नाहीत आणि पाहिले ते नोंदवले, म्हणून आज आपल्याला इतके कळते.

आपल्याकडचा चालिसाचा दुष्काळ लाकीमुळेच पडला ना? (इतिहासप्रेमी, पुणे)

‘मुळेच’ काढून टाका. चालिसा म्हणजे विक्रम संवत १८४०, इसवी सन १७८३-८४. दिल्ली आणि उत्तर हिंदुस्थान होरपळला. गंधकाच्या धुरकटाने उत्तर गोलार्धातली जमीन थंड झाली, जमीन-समुद्राच्या तापमानातला फरक घटला आणि मान्सून अशक्त झाला, असे हवामानाच्या संगणकीय प्रतिकृती दाखवतात. त्याच वर्षी नाईलचा पूर तोकडा पडून इजिप्तमध्येही दुष्काळ पडला. पण त्याच सुमारास एल निनोच्याही खुणा आहेत, आणि मुलखात लढाया चालू होत्या. लाकीचा हात असणे शक्य आहे, सगळा दोष तिच्या माथी मारता येत नाही. तुमच्याकडे त्या काळची घराण्याची कागदपत्रे आहेत असे लिहिता. ती भारत इतिहास संशोधक मंडळात जाणकारांना दाखवा. पावसापाण्याची आणि धान्याच्या भावाची एखादी नोंदही मोलाची ठरेल. परस्पर कुणाला विकू नका.

फ्रेंच राज्यक्रांतीसुद्धा यामुळेच झाली म्हणतात.

नाही. क्रांती १७८९ ची, आणि त्याआधीच्या वर्षीची गारपीट व नापिकी हे वेगळे प्रकरण आहे.

ऑगस्टमध्ये आइसलँडला जातो आहोत. टूरवाले ‘वाहता लाव्हा हमखास’ सांगतात आणि लाकीही दाखवणार आहेत. पत्नीला दमा आहे. (वाचक, ठाणे)

वाहत्या लाव्हाची हमी कुणीच देऊ शकत नाही. रेक्यानेस भागात २०२१ पासून अधूनमधून उद्रेक होतात, पण ते टूरच्या तारखा बघून होत नाहीत. लाकीला जाणारा कच्चा रस्ता फक्त उन्हाळ्यात उघडतो, वाटेत नद्या ओलांडाव्या लागतात, फोर-व्हील गाडीच लागते. टूरवाला साध्या बसचे नाव घेत असेल तर जागच्या जागी विचारा, कुठल्या रस्त्याने नेणार? तिथल्या लाव्हावरचे करडे शेवाळ पायाखाली तुडवू नका, ते भरून यायला दशके लागतात.

दम्याचा प्रश्न मात्र गंभीर आहे. सल्फर डायऑक्साइडने श्वासनलिका आवळतात आणि दमेकऱ्याला अगदी थोडाही पुरतो. १७८३ च्या उन्हाळ्यात हाच धुरकट वारा युरोपवर पसरला आणि इंग्लंडमध्येही मृत्यू वाढले होते. साधा कापडी मास्क वायू अडवत नाही. उद्रेक चालू असेल तर तिथल्या हवामान खात्याचा वायूंचा अंदाज रोज पाहा आणि घसा खवखवायला लागताच तिथून निघा, फोटो राहू दे. पंप सोबत ठेवायचा, पण कोणता आणि किती वेळा, ते छातीच्या डॉक्टरांनी तपासून सांगायचे. ही भेट टूरचे पैसे भरण्याआधी घ्या.