'चेटकिणींची शिकार' की 'चेटकीणशोध'?

प्रश्न असा आला आहे की, अमेरिकी राजकारणाच्या बातम्यांत येणाऱ्या 'विच हंट'साठी मराठीत 'चेटकिणींची शिकार' लिहावे का, आणि 'मॅकार्थीवाद' (कम्युनिस्ट असल्याचे बेछूट आरोप करणाऱ्या सिनेटर मॅकार्थी यांच्या नावावरून पडलेला शब्द) हा त्याचाच पर्यायी शब्द मानावा का. माझ्या मते दोन्हींचे उत्तर नकारार्थी आहे.

'शिकार' म्हटले की सावज आधीपासून रानात असते आणि शिकारी त्याच्या मागावर निघतो. या शब्दप्रयोगात मात्र शोध आधी सुरू होतो आणि सावज त्या शोधातूनच तयार होते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समधील सेलम येथे १६९२ साली चेटूक केल्याच्या आरोपावरून चाललेल्या खटल्यांत हेच घडले. आरोपीची 'छाया' येऊन आपल्याला छळते, असे झटके येणाऱ्या मुलींनी सांगितले की न्यायालय ते पुराव्यात धरत असे. आरोपी त्या वेळी दुसरीकडे होता हे दाखवूनही उपयोग नसे, कारण छाया देहाबाहेर फिरते असे मानले जाई. एकोणीस जणांना फाशी झाली, आणि आरोपाला उत्तर देण्यास नकार देणारा वृद्ध जाइल्स कोरी अंगावर दगड रचून चिरडला गेला. (सेलममध्ये चेटकिणींना जिवंत जाळले, असे पुष्कळदा लिहिले जाते; तिथे कोणालाही जाळलेले नाही.) कबुलीवर कायम राहिलेल्या एकालाही फाशी झाली नाही, आणि कबुली देणाऱ्याकडून बहुधा आणखी काही जणांची नावे मिळत. म्हणजे सुटण्याची वाट दुसऱ्याला अडकवूनच जात होती. या शब्दप्रयोगाचा गाभा हा आहे, आणि 'ससेमिरा', 'छळ', 'सुडाचे राजकारण' या आपल्या नेहमीच्या शब्दांत तो येत नाही.

कम्युनिस्ट असल्याच्या आरोपांना हे रूपक का चपखल बसले, तेही यावरून कळते. अमेरिकाविरोधी कारवायांची चौकशी करणाऱ्या प्रतिनिधिगृहाच्या समितीने १९४७मध्ये हॉलिवूडमधील लोकांना बोलावून 'तुम्ही कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य आहात किंवा कधी होता काय' असे विचारले, आणि उत्तर नाकारणाऱ्या दहा जणांना अवमानाच्या गुन्ह्याखाली तुरुंगात जावे लागले. पुढे स्वतःचे पूर्वायुष्य कबूल करणे पुरेसे ठरेना. जुन्या सोबत्यांची नावेही सांगावी लागत, आणि ती बहुधा समितीला आधीच ठाऊक असत. ज्याने नावे दिली त्याला काम मिळे, ज्याने दिली नाहीत तो काळ्या यादीत जाई. दिग्दर्शक एलिया कझान यांनी एप्रिल १९५२मध्ये अशी नावे दिली, आणि त्याच वर्षी त्यांचे मित्र, नाटककार आर्थर मिलर सेलमच्या खटल्यांची जुनी कागदपत्रे वाचत होते.

मिलर यांचे सेलमच्या खटल्यांवरील नाटक 'द क्रूसिबल' जानेवारी १९५३मध्ये न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आले. ते इतिहास म्हणून वाचू नये : आरोप करणाऱ्या मुलींपैकी खरी ॲबिगेल अकरा-बारा वर्षांची आणि फाशी गेलेला खरा जॉन प्रॉक्टर साठीचा होता, तर नाटकात ती सतरा वर्षांची आणि तो पस्तिशीचा आहे. शेवटच्या अंकात प्रॉक्टर स्वतःपुरत्या खोट्या कबुलीवर सही करतो, पण इतरांची नावे घेत नाही. आणि तो कागद चर्चच्या दारावर लावला जाणार असल्याने आपले नाव तिथे टांगू न देता तो कागद फाडून फासावर जातो. स्वतःच्या चौकशीनंतर मिलर यांनी हे नाटक लिहिले, असा समज आढळतो. क्रम उलटा आहे. समितीपुढे ते १९५६मध्ये उभे राहिले, स्वतःविषयी बोलले, पण इतरांची नावे देण्यास त्यांनी नकार दिला. त्याबद्दल १९५७मध्ये ते दोषी ठरले आणि पुढच्या वर्षी अपिलात सुटले.

चेटकिणी नव्हत्याच, कम्युनिस्ट तर खरोखर होते, असा आक्षेप या रूपकावर तेव्हाच घेतला गेला. तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. तरी साम्य आरोपींमध्ये नसून कार्यपद्धतीत आहे, आणि सेलमच्या न्यायाधीशांनाही सैतान खराच वाटत होता.

आता 'मॅकार्थीवाद'. सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांचा वर उल्लेखिलेल्या समितीशी संबंध नव्हता. ती प्रतिनिधिगृहाची, हे सिनेटचे. मूळ इंग्रजी शब्द मार्च १९५०मध्ये हर्ब्लॉक या व्यंगचित्रकाराने रूढ केला. चित्रात डांबराच्या बादल्यांची डळमळती उतरंड आहे, सर्वांत वरच्या पिंपावर हा शब्द लिहिला आहे, आणि रिपब्लिकन पक्षाच्या हत्तीला तिच्यावर चढवण्यासाठी ओढले-ढकलले जात आहे. काळे फासण्याच्या या उद्योगाला 'वाद' म्हणणे मला खटकते, कारण गांधीवाद-मार्क्सवादाच्या पंगतीत बसायला काहीएक विचारसरणी लागते. झुंडशाही, दडपशाही यांच्या चालीवर 'मॅकार्थीशाही' अधिक बरे, आणि तो शब्द त्या कालखंडापुरताच ठेवावा.

'विच हंट'साठी मी 'चेटकीणशोध' सुचवतो. 'डाकीणशोध' अधिक ठसठशीत वाटेल, पण सातपुड्यात 'डाकीण' आणि ठाणे-पालघरकडे 'भुताळी' ठरवून बायकांना छळल्याच्या घटना आपल्याकडे घडल्या आहेत, त्यामुळे पुढाऱ्यांच्या गाऱ्हाण्यासाठी तो शब्द वापरणे मला बरे वाटत नाही. आणि पुराव्यानिशी चाललेल्या चौकशीला एखादा नेता स्वतःच 'विच हंट' म्हणत असेल, तर बातमीत तो शब्द अवतरणचिन्हांत, त्याच्याच तोंडी ठेवावा.