चलन चुकवायला अठरा हजार?

सोलापूरचे टॉवेल-चादरींचे एक व्यापारी लिहितात: ‘वय 38. वसुलीसाठी महिन्यातून चारदा गाडीने पुण्याला जातो. वर्षात ओव्हरस्पीडची तीन चलनं आली. नेव्हिगेशन आणि कॅमेरा डिटेक्टर एकत्र असलेलं यंत्र 18 हजारांना मिळतंय, घेऊ का? बाकी टेन्शन नाही. वर्षाला 48 हजार हप्त्याची विमा पॉलिसी आहे, कव्हर 5 लाख, वीस वर्षांनी 16 लाख मिळणार. कारचं साडेसहा लाख कर्ज बाकी. घरी पत्नी, दोन मुलं.’

नका घेऊ. चलन दोन हजारांचं धरलं तर वर्षाचे सहा हजार. यंत्राचे पैसे सुटायला तीन वर्षं, तेही एकही चलन आलं नाही तर. आणि येणारच. पोलिसांच्या लेझर गनपुढे डिटेक्टर वाजेपर्यंत तुमचा वेग मोजून झालेला असतो. दोन कॅमेऱ्यांमधल्या अंतरावरून सरासरी वेग काढतात तिथे तर तो निव्वळ शोभेचा. नकाशा, वेगमर्यादा फोन फुकट दाखवतो. अडीचशे किलोमीटरला 110 ऐवजी 90 ने गेलात तर अर्धा तास जास्त. टेंभुर्णीचा चहा आटोपता घ्या.

पण मालक, ‘बाकी टेन्शन नाही’ हे वाचून मलाच टेन्शन आलं. महिन्याला दोन हजार किलोमीटर हायवेवर, तेही वेगात, आणि कव्हर पाच लाख? उद्या काही झालं तर तेवढ्यात कारचं कर्जसुद्धा फिटत नाही. दुकानाची उधारी वेगळीच.

ते 16 लाखही बघा. वीस वर्षांत भराल 9 लाख 60 हजार, म्हणजे परतावा जेमतेम साडेचार-पावणेपाच टक्के. हेच पैसे पीपीएफमध्ये आजच्या 7.1 टक्क्यांनी 21 लाखांच्या पुढे जातात. एजंटने ‘विमा पण, बचत पण’ सांगितलं असेल. दोन्ही अर्धवट आहेत.

टर्म प्लॅन म्हणजे निव्वळ विमा: मुदतीत मृत्यू झाला तरच घरच्यांना पैसे, बचत नाही. तुमच्या वयाला एक कोटीचा टर्म प्लॅन वर्षाला साधारण पंधरा-वीस हजारांत बसतो. यंत्राचे 18 हजार तिकडे वळवा. तंबाखू, बीपी, शुगर असेल ते फॉर्मवर खरं लिहा, नाहीतर क्लेमच्या वेळी पत्नीला खेटे घालावे लागतील. टर्मची पॉलिसी हातात आल्यावरच जुनीला हात लावा. त्या कंपनीकडून सरेंडर (आता बंद केली तर किती मिळतील) आणि पेड-अप (हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवली तर शेवटी किती मिळतील), दोन्ही आकडे लेखी मागवून मला पाठवा. किती हप्ते भरलेत तेही कळवा.