सॉर्टर घेऊ का? आधी घड्याळ लावून मोजा

प्रश्न : काका, मार्केट यार्डाजवळ माझा गाळा आहे. गूळ, कांदा-लसूण चटणी आणि चपला ऑनलाइन विकतो. एरवी दिवसाला तीनशे पार्सलं, दिवाळीच्या तोंडावर नऊशे. पाच कुरिअरवाले येतात आणि कुणाचं पार्सल कुणाच्या गाडीत चढलं यावरून रोज तंटा. एका विक्रेत्यानं क्रॉस-बेल्ट सॉर्टरचा, म्हणजे पार्सलं आपोआप वेगळी करणाऱ्या यंत्राचा, व्हिडिओ दाखवला. कर्ज काढून घ्यावा का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तो व्हिडिओ मीही पाहिलाय, दोनदा पाहिलाय. एकामागे एक जोडलेल्या छोट्या गाड्या, प्रत्येकीवर आडवा पट्टा. पार्सल आपल्या खणासमोर आलं की पट्टा फिरतो आणि अलगद बाजूला सारतो. तासाला हजारो पार्सलं वाटायची आणि ठिकाणं शेकड्यांनी असतील, तिथं या यंत्राला तोड नाही.

आता तुमचा हिशेब. नऊशे पार्सलं, सहा तास. म्हणजे तासाला दीडशे, चोवीस सेकंदाला एक. तेवढ्यात आपला गडी पार्सल उचलतो, लेबल वाचतो, कुरिअरवाल्याला एक शिवी देतो आणि तरी चहाचा घोट घेतो. ठिकाणंही पाचच. कर्ज काढू नका.

तुमचा तंटा वेगाचा नाहीच, ओळखीचा आहे. मी सव्वीस वर्षं एका डेअरीत देखभाल खात्यात काढली. क्रेट वाहणारी साखळी रात्रभर चालायची, कारण सगळे क्रेट एका मापाचे. एकदा पहाटे दोनला कोपरा तुटलेला एक क्रेट वळणावर आडवा बसला. मागून आलेले चढले त्याच्यावर, पिशव्या फुटल्या, आणि आम्ही गुडघे टेकून दूध पुसत बसलो. साहेबांनी विचारलं, मोटर जळली का? मोटर ठणठणीत होती. तेव्हापासून कुणी यंत्र दाखवलं की मी आधी त्यावरून जाणारा माल बघतो.

तुमचा माल बघा. चपलांची पिशवी मऊ, चटणीचं पाकीट हलकं, आणि गूळ तर पावसाळ्यात पाघळणारच. खोक्याच्या तळातून चिकट पाणी झिरपलं की ते पट्ट्याला लागतं, तिथून पुढच्या पार्सलच्या लेबलावर, आणि स्कॅनर गप्प. शंभरातलं एक लेबल वाचलं नाही तरी दिवाळीत रोज नऊ पार्सलं बाजूला पडतात, आणि ती हातानंच निस्तरावी लागतात. म्हणून गुळाला आत जाड प्लास्टिकची पिशवी घाला. लेबल सपाट बाजूला लावा, कडेवरून दुमडू नका. त्यावर चकचकीत टेप तर अजिबात नको. प्रकाश परावर्तित होऊन बारकोड दिसेनासा होतो. ओहायोतल्या एका दुकानात 26 जून 1974 रोजी च्युइंगमच्या पाकिटावरचा बारकोड पहिल्यांदा वाचला गेला. पन्नास वर्षं उलटली तरी निम्मी भांडणं अजून लेबलाचीच आहेत!

मग करायचं काय? हातात धरायचा स्कॅनर आणि एक वजनकाटा घ्या. उद्यमनगरातल्या फॅब्रिकेटरकडून बिनमोटरचं रोलर टेबल करून घ्या, शेवटी पाच कुरिअरचे पाच रंगांचे खण. दहा फुटांना चार-पाच इंच उतार देऊन पाहा, मग वजनाप्रमाणे कमी-जास्त करा. मात्र एक नियम मोडू नका : खोकं कुठंही असलं तरी त्याखाली किमान तीन रोलर हवेत. सहा इंची खोक्याला दोन-दोन इंचांवर रोलर बसवणं परवडत नाही; बारकी पार्सलं आणि चपलांच्या पिशव्या सरळ क्रेटमध्ये टाकून सोडा. फॅब्रिकेटर रोलर वाचवायला बघेल, तुम्ही पट्टी घेऊन उभे राहा.

धंदा वाढला तर पुढची पायरी चोवीस व्होल्टच्या रोलरची. मोटर रोलरच्या पोटातच असते. रोलरची रांग टप्प्याटप्प्यांत विभागलेली, प्रत्येक टप्प्याला सेन्सर. पुढं खोकं उभं असलं की मागचा टप्पा आपोआप थांबतो, एकमेकांवर दाब येत नाही. रिकामा टप्पा फिरत नाही, त्यामुळे वीजही वाचते. आता कल याच तुकड्या-तुकड्यांच्या रचनेकडे आहे. फिरते रोबोही त्याच वाटेनं आले : अमेझॉननं 2012 मध्ये किवा ही कंपनी 77.5 कोटी डॉलरला घेतली, कारण तिचे रोबो अख्खी मांडणीच उचलून माणसापुढं आणत. वर्गवारी करणारे छोटे रोबो आता आपल्याकडेही बनतात. सीझनला चार रोबो वाढवता येतात, पक्क्या बांधलेल्या सॉर्टरला ते जमत नाही. पण तो विषय तासाला हजार पार्सलं होतील तेव्हा काढू.

प्रश्न : दादा, मुलगा आयटीआय इलेक्ट्रिशियन झालाय. गोदामात मशिनं आली तर त्याला काम उरेल का?
– एक वाचक भगिनी, कागल

उत्तर : ताई, पार्सलं उचलणाऱ्यांची संख्या घटेल, हे खोटं सांगणार नाही. पण सेन्सरच्या काचेवर धूळ बसली की पट्टा विनाकारण थांबतो, आणि ते ओळखणारा माणूस लागतोच. त्याला पीएलसी, म्हणजे यंत्राला हुकूम देणारा छोटा संगणक, आणि मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह शिकू द्या. शिवाय बेअरिंगचा आवाज ओळखायला शिक म्हणावं. आणि पट्टा चालू असताना बाही खाली सोडून रोलरजवळ हात घालायचा नाही. माझ्या उजव्या करंगळीचं नख तिथंच गेलंय.