चुलत्याला फ्रेममध्ये कुठं बसवायचं?

तुमच्या फिल्ममधल्या चुलत्याला संवाद कमी आहेत म्हणून घाबरू नका, त्याची जागाच बोलेल. उदगीरला माळवदाच्या, म्हणजे सपाट मातीच्या छताच्या, घरात शूट करताय ना? मग ढाळजेचं, म्हणजे घरात शिरतानाच्या ओसरीचं, दार वापरा. नायक पुढं, जवळ. चुलता मागं दाराच्या चौकटीत, लहान, जरा धूसर. घरात असून घरचा नाही, हे न सांगता कळतं. वाटणीच्या प्रसंगात मात्र त्यालाच पुढं आणा. तेवढा एकच बदल पुरे, खरंच.

नवीन माणसं हमखास चुकतात ते:
- सगळ्यांना भिंतीला चिकटवून एका ओळीत उभं करणं. दृश्य सपाट होतं.
- मोबाइलच्या रुंद लेन्सनं अगदी जवळून चेहरा घेणं. नाक फुगतं, चार पावलं मागं सरका.

लाइट, रंग नंतर बघू. उद्या नुसते चार फोटो काढून दाखवा.