दुष्काळी गावाच्या ग्रामपंचायतीने बदलत्या पावसाला तोंड द्यायला सुरुवात कुठून करावी?
पाण्याच्या ताळेबंदापासून करा. बंधारे, शेततळी त्यानंतर. अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार वर्षानुवर्षं हेच करतंय: पडलेला पाऊस नि विहिरींची पातळी मोजायची, माणसांचं आणि जनावरांचं पाणी आधी बाजूला काढायचं, उरेल त्यावर ग्रामसभेत पिकं ठरवायची. हिशेब सोपा आहे, एका हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. त्यातलं बरंच वाहून जातं, उडतं, तेवढं वजा धरा. तिथे शेतीसाठी बोअरवेलला बंदी आहे, आणि माझ्या मते खरी ताकद त्यातच आहे. नाहीतर गावाने जिरवलेलं पाणी दोन-चार खोल बोअर उपसून नेतात. मात्र गारपीट नि अवकाळीला हा ताळेबंद पुरणार नाही. त्याची तयारी वेगळी करावी लागेल.