गारकोनच्या आजीने चहा घेतला नाही तेव्हा

प्रश्न: काका, माझा मुलगा जुलैमध्ये मित्रांसोबत बाईकवर लडाखला चाललाय, दाह-हानूची गावं पण बघणार म्हणतो. तुम्ही १९९९ ला तिकडेच होता ना? कारगिलच्या लढाईत तिथल्या गावकऱ्यांशी तुमचा संबंध यायचा का? ते घाबरलेले असायचे का?
– एक आई, कराड

उत्तर: ताई, यायचा की. मी तोफखान्यातला, ट्रेनिंग नाशिकरोडला, असले उघडे-बोडके डोंगर आधी कधी बघितलेच नव्हते. जूनमध्ये आम्ही बटालिक भागात होतो, खाली सिंधू नदी आणि तिच्या बाजूने गारकोन, दार्चिक, दाह ही ब्रोकपा लोकांची गावं. पाकिस्तानी घुसखोर बघून आर्मीला कळवणारा ताशी नामग्याल गारकोनचाच, मे महिन्याच्या सुरुवातीला हरवलेला याक शोधायला वर गेला होता. २०२४ च्या डिसेंबरमध्ये तो वारला, त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

घाबरायचे तर, शेल पडत असताना कोण नाही घाबरणार. पण त्याच गावांतली पोरं रात्री पाठीवर राशन, पाणी, दारूगोळा बांधून अंधारात वर चढायची, आम्हाला मात्र चार पावलं टाकली की धाप लागायची.

एकदा गारकोनला एका घरी गेलो. झाडाला जर्दाळू अजून हिरवेच होते, म्हणून आजीने मागच्या वर्षीचे वाळवलेले ताटलीत आणले, वर बिया फोडून आतला गर पण दिला. बदल्यात काय द्यायचं म्हणून आम्ही स्टोव्हवर मिल्क पावडरचा चहा केला, चांगली साखर घालून, तर आजीने चहाचा मग हातात घेतला, वास घेतला आणि हळूच खाली ठेवला. मला वाटलं काही चुकलं. मग आमच्याबरोबरचा पोर्टर पोरगा म्हणाला, साब, हमारे बुजुर्ग गाय का दूध नहीं पीते. पूर्वापार चालत आलंय, कोंबडी-अंडी पण जुने लोक खात नाहीत. मी लाजलो, लगेच कोरा चहा केला, त्यात मीठ घातलं, तो मात्र तिने दोनदा मागून घेतला. निघताना पैसे पुढे केले तर तिने माझी मूठ बंद केली आणि खिसा जर्दाळूंनी भरला. वर गन पोझिशनला आम्ही सगळ्यांनी एकेक वाटून खाल्ला.

मुलाला सांगा, घरात शिरताना 'जुले' म्हण, म्हणजे तिकडचा नमस्कार, म्हाताऱ्या माणसाला दुधाचा चहा देण्याआधी विचार. आणि परत येताना मूठभर वाळलेले जर्दाळू माझ्यासाठी आणायला सांगा, कराडला येऊन घेऊन जाईन.