कामात येणारी माणसं वाढली की देशाची उत्पादकता घटते का?

तुम्ही विचारलंय की सरकारी अहवालात एका पानावर श्रमशक्ती सहभाग (लोकांपैकी किती टक्के काम करतात किंवा शोधतात) वाढल्याचं समाधान असतं आणि पुढच्याच पानावर उत्पादकता (एका तासात किंवा एका कामगारामागे सरासरी किती उत्पादन होतं) खाली आल्याची चिंता, तर मग खरं काय समजायचं?

दोन्ही खरं असू शकतं. हिशोब करून बघा. दहा माणसं तासाला प्रत्येकी 10 नग बनवतात. बऱ्याच वर्षांनी कामावर परतलेली एक बाई अकरावी म्हणून येते आणि सध्या 6 बनवते. एकूण नग 100 चे 106 झाले, पण सरासरी 10 वरून साधारण 9.6 वर आली. कुणाचंच काम बिघडलेलं नाही, उलट एका घरात मिळकत सुरू झाली. म्हणून सरासरी घसरल्याची नुसती बातमी वाचून मी घाबरत नाही.

याच्या उलट 2020 मध्ये घडलं. अमेरिकेत एप्रिलच्या एका महिन्यात 2 कोटींहून जास्त नोकऱ्या गेल्या आणि त्यांत हॉटेलं, उपाहारगृहं, दुकानं यांतली कमी पगाराची माणसं फार होती. मागे उरलेल्यांची ताशी सरासरी उत्पादकता साहजिकच वर गेली. ऑस्ट्रेलियातही उत्पादकतेने अशीच उसळी घेतली. लोक कामावर परतले, कामाचे तास वाढले, तशी ती ओसरली. तो आलेख आठवला की मला अजून त्रास होतो. ज्यांची चूल बंद पडली, त्यांच्या जाण्यानेच तो चढला होता.

सहभागाचा आकडाही जपून वाचावा लागतो. काम असलेले आणि काम शोधणारे मिळून श्रमशक्ती होते. शोधून थकून ज्याने नाद सोडला, तो या मोजणीतून बाहेर पडतो, मग बेरोजगारीचा दर आपोआप बरा दिसू लागतो! आणि ‘काम असलेला’ ठरायला संदर्भ आठवड्यात, म्हणजे सर्वेक्षणात ज्या आठवड्याबद्दल विचारतात त्यात, एक तास काम केलेलं पुरतं. 2013 मध्ये जिनिव्हात श्रम-संख्याशास्त्रज्ञांच्या परिषदेने ‘काम’ आणि ‘रोजगार’ वेगळे केले. घरासाठी पाणी आणणं, स्वतःची मुलं सांभाळणं हे काम आहे, पण रोजगार नाही. हा बदल मला फार मोलाचा वाटतो, कारण त्यामुळे बायकांच्या कष्टांना निदान मोजणीच्या भाषेत नाव मिळालं.

भारत सरकारच्या पीएलएफएस या रोजगार-बेरोजगारीच्या सर्वेक्षणात 15 वर्षांवरील स्त्रियांचा सहभाग 2017-18 मध्ये 23.3 टक्के होता, तो 2023-24 मध्ये 41.7 टक्क्यांवर गेला. झेप मोठी आहे. पण त्या वर्षी काम करणाऱ्या स्त्रियांपैकी एक तृतीयांशाहून जास्त घरच्याच शेतीत किंवा धंद्यात बिनपगारी मदतनीस होत्या. त्यांनाही रोजगारात धरतात, आणि ते योग्यच आहे, कारण त्या राबतात. फक्त त्यांच्या हातात स्वतःचा पैसा येतो असं या आकड्यावरून समजू नका.

तुमच्यासमोर जो अहवाल आहे त्यात आधी रोजगाराच्या प्रकारांचं कोष्टक काढा: पगारी, स्वयंरोजगार, बिनपगारी मदत. मग कामाचे सरासरी तास बघा. उत्पादकता ताशी काढलीय की दर कामगारामागे, हेही तपासा. अर्धवेळ काम करणारे वाढले की दर कामगारामागचा आकडा पडतो आणि ताशी आकडा जागच्या जागी राहू शकतो.